ऊन पाण्याचा उच्छ्वास

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या दवनीवाड्याच्या घरी जो प्रसंग घडला, तो सांगितल्यावाचून या लेखाला आरंभच करता येत नाही. त्या वर्षी आमच्या थोरल्या लेकीचा दिवाळसण होता. जावईबापू आदल्या दिवशीच येऊन दाखल झाले होते. पहाटे चारला घर जागे झाले, अंगणात पणत्या लागल्या, पाटाभोवती रांगोळी निघाली. माझ्या म्हाताऱ्या आईने नातजावयाच्या डोक्यावर स्वतःच्या हाताने तेल घातले, उटणे लावले, आणि ते न्हाणीघरात शिरले. माडीच्या छपरावर सूर्यशक्तीवर पाणी तापवणारे यंत्र बसवून आम्हाला तेव्हा वर्षच झाले होते. त्या यंत्राचा मला थोडा अभिमान होता, आणि जावईबापूंना त्याची महती मी आदल्या रात्री जेवताना सविस्तर सांगितलीही होती.

पाचव्या मिनिटाला आतून हाक आली, “मामाजी, गरम पाणी येत नाही!”

थंड पाण्याची तोटी धो धो वाहत होती. ऊन पाण्याची तोटी मात्र आधी खोकली, मग थुंकली आणि मग सुताएवढी धार धरून बसली. अंगाला तेल चोपडलेले, बाहेर कार्तिकाच्या तोंडावरचा गारवा, आणि सासुरवाडीची पहिली दिवाळी! अखेर आईने चुलीवर गुंड चढवला, बादलीने पाणी नेऊन दिले आणि जावयाचे अभ्यंगस्नान कसेबसे पार पडले. “आमच्या बंबाला असली खोड कधी नव्हती,” एवढेच ती म्हणाली. पण ते मला पुरेसे लागले.

सात वाजता मी नळकाम करणाऱ्या पोराला बोलावून घेतले. सणाचा दिवस, अंगात नवा सदरा, तरी तो बिचारा सायकल मारीत आला. जावयादेखत मी त्याला नाही नाही ते बोललो. काम येत नसेल तर पैसे कशाला घेतोस, इथपर्यंत मजल गेली. तो एक शब्द बोलला नाही. खाली मान घालून जिना चढून वर गेला.

त्याला आपण थोडा वेळ छपरावरच राहू देऊ. कारण तो खाली उतरला तेव्हा त्याने माझ्या हातात जी वस्तू ठेवली, तिचा अर्थ कळायला मला तीन-चारशे वर्षांचा इतिहास धुंडाळावा लागला. माझे शिक्षण मॅट्रिकचे. मुलांना भाषा आणि इतिहास शिकवावा, सुटीत कादंबरी लिहावी, एवढाच माझा व्याप. पदार्थविज्ञानाची पाटी कोरीच होती. पण मनाला बोच लागली की इतिहासाचा मास्तर गप्प बसत नाही.

आरंभ आईच्या बंबापासूनच करू. आजोबांनी नागपुराहून आणलेला हा तांब्याचा बंब आजही आमच्या पडवीत आहे. मधोमध धुराची नळी, तिच्याभोवती पाणी, खाली निखारे. एका अंगाला नरसाळे; त्यात ओतलेले गार पाणी सरळ तळाशी जाते. दुसऱ्या अंगाला वरच्या बाजूस तोंड. तेथून तापलेले पाणी बाहेर येते. एक तांब्या गार ओता, एक तांब्या ऊन घ्या! ऊन पाणी हलके असते म्हणून ते वर राहते, गार जड म्हणून खाली जाते, आणि नरसाळे तोंडापेक्षा थोडे उंच असते म्हणून पाणी ढकलले जाते. यात ना कळ, ना झडप. बंब दोन्ही बाजूंनी उघडा असल्यामुळे त्यात दाब कधी कोंडत नाही. आईचे म्हणणे शब्दशः खरे होते.

मौज अशी की हा शब्दच मुळी दाबाच्या घराण्यातला आहे. पोर्तुगिजांच्या भाषेत ‘बोंबा’ म्हणजे पाणी जोराने फेकणारा पंप. त्यावरूनच आपल्याकडे आगीचा बंब आला आणि त्याच नावाने न्हाणीतला बंबही ओळखला जाऊ लागला. एक भाऊ पाणी माडीवर फेकणारा, दुसरा एक तांब्या घेऊन एक तांब्या देणारा. नाव एक, स्वभाव दोन.

मग पाण्याला जोर येतो कोठून? याचे उत्तर सतराव्या शतकात फ्रान्समधील पास्कल या विद्वानाने नीट मांडले. त्याचा द्रवांच्या समतोलावरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ साली प्रसिद्ध झाला. त्याचे सार घरगुती भाषेत असे: पाण्याचा दाब पाणी किती आहे यावर नसतो, ते किती उंच उभे आहे यावर असतो. हजार लिटरची टाकी असो की हातभर रुंदीची नळी असो, उंची सारखी तर तळाचा दाब सारखा. दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ साधारणपणे दर चौरस सेंटिमीटरवर एक किलोचा दाब देतो. आमच्या टाकीतले पाणी न्हाणीतल्या फवाऱ्याच्या वर जेमतेम नऊ फूट, म्हणजे पावणेतीन मीटर. तेव्हा त्या दहा मीटरांतला पाव हिस्साच आमच्या वाट्याला आलेला. पाण्याला जोर नाही म्हणून मोठी टाकी आणणारे गृहस्थ मी पुष्कळ पाहिले. त्यांतला एक मी स्वतः होतो, हे पुढे येईलच. मोठ्या टाकीने पाणी जास्त वेळ पुरते. जोर वाढवायचा तर टाकी उंचावर न्यावी लागते.

हे ज्ञान आमच्या मुलखाला नवे होते असे मात्र कोणी समजू नये. भंडारा जिल्ह्यातून १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला; पण वैनगंगेच्या या दोन्ही जिल्ह्यांची खरी ओळख जुनीच आहे, ती तलावांची. ज्याने तलाव बांधावा त्याला त्याखालची जमीन मिळावी, असा गोंड राजांच्या काळचा रिवाज सांगतात. कोहळी समाजाच्या लोकांनी हे काम पिढ्यान्‌पिढ्या केले. नवेगाव बांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यांच्या नावाने ओळखला जातो. पुढे मालगुजारी आली, १९५० च्या कायद्याने ती गेली, आणि तलावांना ‘माजी मालगुजारी’ असे नाव चिकटले. अशा कोणत्याही तलावाच्या पाळीवर जाऊन पाहा. पाळ वर अरुंद, खाली रुंद. बांधणाऱ्याने पास्कलचे नाव ऐकलेले नव्हते. परंतु पाणी जितके खोल तितके ते जोराने ढकलते, हे त्याच्या फावड्याला ठाऊक होते. पाळीला पाझर फुटतो तो बहुधा खाली, पायथ्याशी, आणि भानाचा पहारेकरी आधी तेथेच कंदील धरतो.

येथवर उंचीचे झाले. पण उंची असूनही पाणी अडते, आणि आमच्या घरी तेच झाले होते. कारण त्याच उंचीवरचे थंड पाणी धो धो येत होते. मग ऊन पाण्यानेच काय पाप केले होते?

याचे उत्तर शोधीत मी बऱ्हाणपूर, खडकी आणि पुणे या तीन शहरांपर्यंत गेलो. पुस्तकांतून का होईना. बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असले तरी आपल्या सरहद्दीला लागूनच आहे. मोगलांच्या काळी तेथे अब्दुर्रहीम खानखानान सुभेदार असताना, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याचे जमिनीत मुरलेले पाणी शहरात आणण्यासाठी भुयारी मार्ग खोदला गेला. त्यावर शंभरांहून अधिक विहिरीसारखी तोंडे आहेत. यांना कुंड्या म्हणतात, म्हणून तो कुंडी भंडारा. तेथल्या शाही किल्ल्यात रंगीत नक्षीच्या छताचा हमामखाना आहे. बादशहाच्या न्हाणीचा डामडौल सगळे पाहतात. पण त्या कुंड्यांवाचून अंधारातल्या पाण्याला ना हवा मिळाली असती, ना गाळ काढायला माणूस उतरू शकला असता.

याच सुमारास मलिक अंबरने १६१० साली वसवलेल्या खडकीस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, डोंगराकडून नहर आणली. या शहराच्या नहरींवर ठिकठिकाणी उभे मनोरे आढळतात. नळातून आलेले पाणी मनोऱ्यात चढते, वर मोकळ्या हवेला तोंड दाखवते आणि पुन्हा खाली उतरून पुढे चालू लागते. पुढे अठराव्या शतकात याच शहरी पाण्याच्या अशाच पडत्या जोरावर पाणचक्कीचे जाते फिरू लागले.

पुण्याची गोष्ट आपल्याला अधिक जवळची. नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत, १७५० च्या सुमारास, कात्रजला तलाव बांधून तेथून शहरातील हौदांना बंदिस्त नळाने पाणी पोहोचवले गेले. कात्रज उंच, शहर सखल. म्हणून पंपावाचून पाणी आले. शनिवारवाड्यातले सोळा पाकळ्यांच्या कमळाचे हजारी कारंजे उडे तेही या उंचीच्याच बळावर. या नळावर जागोजाग उभी तोंडे ठेवलेली होती. त्यांनी कोंडलेली हवा बाहेर पडावी, दाब बेताचा राहावा, गाळ काढता यावा. आणि या तोंडांना आपल्या पूर्वजांनी नाव काय दिले? उच्छ्वास!

हा शब्द वाचला आणि मी पुस्तक मिटून बसलो. इतके वर्षे भाषा शिकवतो, पण असा नेमका शब्द क्वचित भेटतो. पाणी चालते तेव्हा त्याच्याबरोबर हवाही चालते. पाणी पुढे जाते, हवा वर चढते, आणि नळाला जेथे उंचवटा असेल तेथे ती दडून बसते. तिला बाहेर पडायला वाट दिली नाही, तर ती पाण्याचीच वाट अडवते.

ऊन पाण्याच्या बाबतीत हे दुपटीने खरे आहे. गार पाण्यात हवा विरघळलेली असते. पातेल्यात पाणी तापत ठेवा; उकळी यायच्या पुष्कळ आधी तळाशी आणि कडेला मोत्यासारखे बारीक बुडबुडे धरतात. ती वाफ नव्हे. पाण्यातून सुटलेली हवा आहे. म्हणजे पाणी तापवणारे प्रत्येक यंत्र हे हवा सोडणारेही यंत्र असते. आमच्या घरी ऊन पाण्याचा नळ छपराच्या कठड्यावरून चढून खाली उतरतो, मग स्वयंपाकघराच्या दारावरून चढून उतरतो, मग न्हाणीत शिरतो. प्रत्येक चढउतारावर हवेचे एकेक गाठोडे. उतरत्या नळात फूटभर हवा अडकली की दाबाच्या उंचीतला एक फूट तिने खाल्लाच. नऊ फुटांच्या भांडवलावर असे दोन-तीन वाटेकरी बसले, तर न्हाणीत सूत पडावे यात नवल ते काय?

बंदिस्त भांड्यात पाणी तापवण्याचा इतिहास याहून कठोर आहे. देनी पापँ नावाच्या फ्रेंच संशोधकाने १६७९ साली लंडनला घट्ट झाकणाचे भांडे करून त्यात हाडेसुद्धा मऊ शिजवून दाखवली. आपल्या प्रेशर कुकरचा तो खापरपणजोबा. भांडे फुटू नये म्हणून त्याने त्यावर वजनाने दाबलेली झडप बसवली. दाब वाढला की झडप उचलायची, वाफ निघून जायची. आज आपल्या स्वयंपाकघरात होणारी शिटी म्हणजे त्या भांड्याचा उच्छ्वासच.

पुढे १८६८ साली मॉन नावाच्या लंडनच्या रंगाऱ्याने गॅसवर पाणी तापवणारे यंत्र काढले आणि आइसलंडातील उसळत्या ऊन झऱ्याच्या नावावरून त्याला गीझर म्हटले. त्याला धूर बाहेर नेणारी नळीच नव्हती. म्हणजे पाण्याची सोय झाली, पण न्हाणाऱ्याचा श्वास विसरला गेला. १८८९ साली अमेरिकेत गेलेल्या एडविन रूड या नॉर्वेच्या यंत्रज्ञाने पाणी तापवून साठवणारे स्वयंचलित यंत्र केले, आणि बंदिस्त टाकी हळूहळू घरोघर आली. अशा टाकीत वीस अंशांचे पाणी साठ अंशांवर गेले की शंभर लिटरांमागे सुमारे दीड लिटर फुगते. या फुगवट्याला वाट हवी. म्हणून विजेच्या गीझरला सुरक्षा झडप असते आणि ती अधूनमधून ठिबकते. ते ठिबकणे पाहून कोणी तिला बूच मारतात. वाचकहो, हे कदापि करू नका. दाबाखाली पाणी शंभर अंशांवरही उकळत नाही. पण टाकी फुटली तर तेच पाणी क्षणार्धात वाफ होऊ लागते, आणि वाफेला पाण्याच्या सोळाशे पटींहून अधिक जागा लागते. थेंब वाचवण्याच्या नादात असे संकट घरात आणू नये. झडप सारखीच गळत असेल तर ती जाणत्याकडून बदलून घ्यावी.

आता छपरावरच्या त्या पोराला खाली येऊ द्या.

तासाभराने तो उतरला. आधी वरून एक लांब सुस्कारा ऐकू आला होता, जणू कोणी म्हातारा दम खाऊन बसला आहे. मग न्हाणीतली तोटी दोनदा खोकली आणि ऊन पाणी भरधाव आले. पोराने माझ्या हातात एक वस्तू ठेवली. ती लाकडाची खुंटी होती, जुन्या धोतराची चिंधी गुंडाळलेली. मी ती तत्काळ ओळखली. कारण ती चिंधी माझ्याच धोतराची होती.

वाचकहो, हकीकत अशी. श्रावणात मी जुन्या टाकीच्या जागी मोठी टाकी आणली आणि ती दोन विटांचे थर चढवून बसवली. तेव्हाच हा पोरगा म्हणाला होता, “गुरुजी, टाकी वर गेली, तं या उभ्या नळीलेही दोन हात वाढवा लागते जी.” ऊन पाण्याच्या टाकीवर ती उभी उघडी नळी त्यानेच ठेवली होती. मला वाटले, चार पैसे जास्त काढायचा हा बहाणा. मी नको म्हटले. मोठ्या टाकीतले पाणी आता नळीच्या तोंडापेक्षा उंच झाले, आणि नळीतून पाणी सांडू लागले. पाणी वाया जाते हे पाहून एका रविवारी मी स्वतः वर जाऊन, मोठ्या शहाणपणाने, तिच्यात खुंटी ठोकली. दोन महिने हवा साचत गेली, धार थोडी थोडी रोडावत गेली. आणि दिवाळीच्या पहाटे, एकामागून एक साऱ्यांची न्हाणी ठरली असताना, तिचा जीव गेला.

“गुरुजी, ते नाक आहे जी,” तो हळूच म्हणाला. “नाक दाबून ठेवलं तं पाणी कसं चालन?”

त्याने ती नळी टाकीतल्या पाण्याच्या वर दोन हात वाढवली होती, आणि तिच्या तोंडाला चिलटे जाऊ नयेत म्हणून जाळी लावली होती. आणखी एक गोष्ट त्याने सांगितली. गार पाण्याची वाट बंद असताना आणि नाक बुजलेले असताना कोणी खालून ऊन पाणी ओढले असते, तर पातळ पत्र्याची टाकी आतल्या आत चेपली असती. कारण बाहेरची हवा सगळीकडून दाबते आणि आत तिला उत्तर द्यायला कोणी नसते. म्हणजे फुगणाऱ्या टाकीला श्वास सोडायला वाट लागते, आणि रिकाम्या होणाऱ्या टाकीला श्वास घ्यायला.

तेव्हापासून घरात पाण्याचा जोर कमी झाला की मी आधी डोके चालवतो, मग तोंड. गार आणि ऊन दोन्ही पाणी रोडावले असेल, तर दोष टाकीत, उंचीत किंवा मुख्य चावीत. फक्त ऊन पाणी रोडावले तर ऊन पाण्याच्या वाटेत: अर्धवट बंद चावी, क्षाराने बुजलेला नळ किंवा कोंडलेली हवा. तोटी खोकत असेल तर हवाच. एकाच तोटीला धार नसेल तर तिची जाळी काढून धुवावी. बिचाऱ्या यंत्राला बोल लावू नये. आरंभी जोरात येऊन मागून मंदावत असेल, तर टाकीत पाणी भरण्याची वाट अरुंद आहे. आणि दोन्ही तोट्या एकत्र उघडल्यावरच ऊन पाणी दबत असेल, तर गार पाणी अधिक उंचावरून किंवा पंपावरून येऊन त्याला मागे रेटते आहे; दोघांना एकाच उंचीवर आणावे.

हे सगळे त्या पोरानेच शिकवले. पण त्या दिवशी माझ्यावर आणखी एक देणे होते. मी रागावलो होतो चारचौघांत, जावयादेखत. तेव्हा चुकीची कबुलीही तेथेच द्यायला हवी होती. मास्तराला हे फार जड जाते. घसा कोरडा पडला. खुंटी हातात घेऊन मी सर्वांना सांगितले, की ही मी ठोकली होती, याचे काही चुकले नव्हते. जावईबापू हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. आईने त्या पोराला पाटावर बसवले, त्याच्या डोक्यावर चार थेंब तेल घातले आणि त्याच ऊन पाण्याने न्हायला पाठवले. त्याचा नवा सदरा तिने तोवर दोरीवर नीट घडी घालून ठेवला. मग फराळाचे ताट दिले.

ती खुंटी मी टाकली नाही. पडवीत बंबाजवळच्या कोनाड्यात ती ठेवली आहे. घरात कधी माझा आवाज चढला की आई काही बोलत नाही. नुसते त्या कोनाड्याकडे पाहते. मग मी अंगणात जातो, मोठा श्वास घेतो, सोडतो, आणि परत येतो.